बावचीचा निळा उजेड

लग्नकार्यात कोणी विचारलं, ‘वहिनी, तुम्ही नेमकं काय करता?’ की माझी पंचाईत व्हायची. ‘फ्लुओरेसन्स स्पेक्ट्रोस्कोपी’ एवढं तोंडातून निघेपर्यंत समोरचा माणूस जिलेबीकडे बघायला लागलेला असायचा. म्हणून मी एक सोपं उत्तर तयार ठेवलं होतं: ‘पदार्थावर उजेड टाकते, आणि तो पदार्थ बदल्यात कोणता उजेड परत देतो ते मोजते.’ हे ऐकून अकोल्याच्या आमच्या विहीणबाईंनी समजुतीनं मान डोलावली आणि म्हणाल्या, ‘म्हणजे वीज खात्यात.’ मी नाही म्हटलं नाही. पुढं कितीतरी दिवस त्यांच्या गल्लीतली लाइट गेली की मला फोन यायचा.

अमरावतीच्या एका विज्ञान महाविद्यालयात उपकरणांची प्रयोगशाळा सांभाळण्यात माझी सगळी नोकरी सरली. हल्लीच निवृत्त झाले. माझ्याकडे बरीच यंत्रं होती, पण जीव होता तो फ्लुओरिमीटरवर. दिसायला लोखंडी ट्रंकेसारखं. आत एक झेनॉनचा दिवा, उजेडातले रंग वेगळे करणारी जाळी, मध्ये नमुना ठेवायची चौकोनी काचेची कुपी आणि बाजूला उजेड मोजणारा डोळा. बाजूला अशासाठी, की दिव्याच्या समोर डोळा ठेवला तर दिव्याचाच झगमगाट दिसेल. नमुन्याचा स्वतःचा मिणमिणता उजेड बघायचा तर कडेनंच डोकवावं लागतं. म्हणून आमच्या कुपीच्या चारही बाजू पारदर्शक असतात. नवीन मुलं ती हमखास बोटांनी धरत आणि मी हमखास ओरडत असे.

आत काय घडतं ते सांगते. काही पदार्थांचे रेणू उजेड पितात आणि तरतरी येऊन वरच्या पायरीवर जातात. तिथं थोडी ऊर्जा इकडंतिकडं सांडतात आणि उरलेली उजेडाच्या रूपात टाकून खाली येतात. थोडी सांडलेली असल्यामुळे परत आलेला उजेड दिलेल्या उजेडापेक्षा अशक्त असतो, म्हणजे त्याचा रंग बदलतो. डोळ्यांना न दिसणारा अतिनील उजेड द्यावा, तर निळा परत येतो. निळा द्यावा, तर हिरवा. हे फ्लुओरेसन्स. हे सगळं इतक्या चटकन घडतं की दिवा बंद केला की खेळ खलास.

अंजनगाव सुर्जीहून एक पानमळेवाले काका कीडनाशकाच्या तपासणीची चौकशी करायला आले होते. ते काम आमच्याकडे होत नव्हतं. पण एवढ्या लांबून आलेला माणूस रिकाम्या हाती कसा पाठवायचा? मी त्यांच्याच पिशवीतलं एक विड्याचं पान अल्कोहोलमध्ये कुटलं, हिरवागार अर्क गाळला, खोलीत अंधार केला आणि अतिनील दिवा लावला. हिरवा अर्क रक्तासारखा लाल पेटला. पानातल्या हरितद्रव्याचा तो स्वभावच आहे. काका खुर्चीतून अर्धे उठले.

‘अरे बाप्पा! कात नाही, चुना नाही, अन् रंगलं कसं?’

त्यांनी घरी गेल्यावर ही गोष्ट कशी सांगितली कोणास ठाऊक, पण त्यानंतर अंजनगावहून दोन-तीन मंडळी ‘न खाता रंगणारं पान’ बघायला येऊन गेली.

आता दुसरा प्रकार, फॉस्फरेसन्स. यात काही रेणू खाली येताना वाटेत एका आडपायरीवर अडकतात. तिथून खाली यायला निसर्गाच्या नियमानं जवळजवळ मनाई असते. जवळजवळच, पूर्ण नाही. म्हणून ते रेंगाळत, एकेक करून उतरतात. दिवा बंद केल्यावरही उजेड थोडा वेळ येतच राहतो. घड्याळाचे काटे आणि मुलांच्या खोलीतल्या छतावरच्या चांदण्या अंधारात चमकतात, ज्यांना आपण सरसकट ‘रेडियम’ म्हणतो, ते याच जातीतलं.

यावरून एक गृहस्थ आठवतात. निवृत्त हेडक्लार्क, इस्त्रीचा सदरा. रुमालात रुमाल, त्यात आणखी रुमाल असं उलगडत त्यांनी टेबलावर एक बोराएवढा खडा ठेवला आणि कुजबुजले, ‘नागमणी आहे.’ कोण्या बैराग्यानं दिला होता. अंधारात चमकतो, हे त्यांनी स्वतः पलंगाखाली शिरून पाहिलं होतं. मी खडा यंत्रात ठेवला. त्याचा वर्णपट आणि आमच्या एका विद्यार्थ्यानं आणलेल्या छतावरच्या चांदणीचा वर्णपट, दोन्ही एकावर एक ठेवले तर वेगळे ओळखू येईनात. मी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं, की हे प्लॅस्टिक आहे आणि चमक चांदणीचीच आहे.

त्यांनी खडा उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, ‘म्हणजे मॅडम, नागानं स्टिकर गिळलं होतं?’

आणि स्वतःच इतके हसले, की मला त्यांना पाणी द्यावं लागलं.

तर मूळ गोष्ट ही की चांदण्यांचा फॉस्फरेसन्स सोपा. साध्यासुध्या रेणूंचा अवघड. ते आडपायरीवर रेंगाळत असताना शेजारचे रेणू त्यांना धक्के मारतात, हवेतला ऑक्सिजन त्यांची ऊर्जा पळवतो आणि उजेड पडायच्या आधीच सगळं आटपतं. त्यांना शांतपणे रेंगाळू द्यायचं असेल तर भोवतीचं सगळं गोठवावं लागतं, तेही फ्रिजच्या नव्हे, द्रव नायट्रोजनच्या थंडीत. उणे एकशे शहाण्णव अंश. हे करायचं सामान आमच्या यंत्राबरोबर आलेलं होतं: निमुळत्या तळाचा क्वार्ट्झचा थर्मास, फिरणारी झडप, नायट्रोजन आणायचा एक मोठा कॅन. सगळं खोक्यात, गवतासकट. कोणी कधी काढलं नव्हतं, कारण अमरावतीत द्रव नायट्रोजन आणायचा कुठून, हा प्रश्न विचारायची कोणाला गरजच पडली नव्हती.

ती गरज नसरीनला पडली.

नसरीन हिवरखेडची. केळीच्या बागांच्या गावात वाढलेली, बोलायला तिखट, कामाला वाघ. तिच्या पीएच.डी.चा विषय होता बावची. आपल्याकडे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माजणारं झुडूप, बी काळं, कोडावरच्या औषधात वापरतात. त्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. नसरीननं गावोगावच्या बावचीचे अर्क काढले, माझ्या यंत्रावर त्यांचा निळा फ्लुओरेसन्स मोजला आणि कोणत्या बियांत किती सोरालेन, याचं एक देखणं प्रकरण लिहिलं. प्रबंध परीक्षकांकडे गेला. त्यांतल्या बाहेरच्या परीक्षकांनी एकच शेरा मारून परत पाठवला: सोरालेनचा फ्लुओरेसन्स मुळात फार दुबळा असतो. तुम्ही मोजलेला उजेड त्याचा आहे कशावरून? फॉस्फरेसन्स दाखवा.

नसरीन माझ्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली.

‘मॅडम, तो उजेड दुसऱ्याच कशाचा निघाला तर?’

‘तर कळेल तरी.’

‘तर माही सगळी मेहनत बावचीच्या धुऱ्यावर.’

तिचे मार्गदर्शक गावंडे सर भला माणूस, पण घाबरट. ते म्हणाले, ‘प्रकरण गाळून टाकू. किंवा नमुने मुंबईला पाठवू, तिकडे नंबर लागेल तेव्हा लागेल.’ नसरीन गाळायला तयार नव्हती आणि थांबायलाही. मला तर मनातून उकळ्या फुटत होत्या. खोकं उघडायचं निमित्त आलं होतं! मी विचारलं, ‘वऱ्हाडात द्रव नायट्रोजन कोण वापरत असेल?’

नसरीननं डोळे बारीक केले. ‘मॅडम, आमच्या गावात म्हशी भरवायले डॉक्टर येतात. त्यांच्या टाकीतून धूर निघते.’

झालं! कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात. साऱ्या वऱ्हाडातल्या गायीम्हशींसाठी तो येत होता आणि आम्ही शहाणी माणसं हातावर हात ठेवून बसलो होतो.

नसरीननं अकोल्याच्या पशुवैद्यकीय केंद्रात फोन लावला, सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. रिकामा कॅन आमच्या दोघींच्या मध्ये. कंडक्टरनं त्याच्यावर टिचकी मारली. ‘दुधाचा हाय का?’

‘नाही, थंडीचा आहे,’ मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि पुढं गेला.

केंद्रातले डॉक्टर इंगळे म्हणजे गोल चेहऱ्याचा, घाईत असलेला माणूस. फोन दुसऱ्याच कोणी घेतला होता, त्यांना काही माहीत नव्हतं. आमचा कॅन बघितला आणि रजिस्टर न बघताच विचारलं, ‘गाय कोनती हाये तुमची?’

‘गाय नाही,’ मी म्हटलं.

‘म्हैस? मुऱ्हा का नागपुरी?’

‘म्हैस पण नाही. आम्हाला नुसता नायट्रोजन पाहिजे.’

‘कांड्या नको?’

‘नको.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘बाई, कांड्या नाही तर नायट्रोजन घेऊन गोठ्यात काय करून राहिले तुमी?’

मग नसरीननं सूत्रं हातात घेतली. बावची, सोरालेन, रेंगाळणारा उजेड, परीक्षक, सगळं तिनं त्यांना त्यांच्याच बोलीत असं सांगितलं, की शेजारच्या बाकावर वासराला टोचून घ्यायला आलेले दोन शेतकरीही पुढं सरकून ऐकू लागले. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘म्हन्जे ते रेणू गाभण राहते, अन् मंग सावकाश वेतते?’

मी शपथेवर सांगते, फॉस्फरेसन्सची याहून चांगली व्याख्या मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. डॉक्टरांनी वरिष्ठांना विचारलं, होकार आला आणि कॅन भरून दिला. वर सूचनाही दिली, ‘झाकन घट्ट नका करू. आत उकळून राहिला असते तो. कोंडला तर फुटन.’

अशा वस्तूला बंद एसटीत नेता येत नाही. म्हणून नसरीनचे मामू, रफीकभाई, त्यांच्या ‘छोटा हत्ती’ गाडीसह अकोल्यात थांबले होते. ते हिवरखेडहून केळी घेऊन अमरावतीच्या बाजाराला निघालेले. मागं उघड्या हौद्यात केळीचे घड, मध्ये दोरीनं बांधलेला आमचा कॅन, झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ. मामूंनी ती पाहिली आणि पोतं घेऊन दाबायला धावले.

‘मामू, नको!’ नसरीन किंचाळली. ‘उसको सांस लेने दो!’

‘अरे, लेकिन ये जल रहा है!’

‘जळत नाही, थंड आहे,’ मी म्हटलं.

‘थंडा है तो धुआँ काहे का?’

याचं उत्तर मूर्तिजापूरपर्यंत चाललं. आम्ही तिघं पुढं बसलेलो, मामू दर थोड्या वेळानं आरशात बघणार आणि पुटपुटणार. मूर्तिजापूरच्या पुढं एका पोलिसानं हात केला. केळीतून धूर निघणारी गाडी कोणीही थांबवली असती.

‘काय हाये त्याच्यात?’

‘हवा आहे, साहेब,’ मी म्हटलं. खोटं नव्हतं. हवेतला मोठा भाग नायट्रोजनच.

‘हवा?’

‘हो. गार करून पाणी केलेली.’

‘बाई, मले काय येडा समजून राहिल्या का?’

मी खाली उतरले. हातमोजे चढवले, कॅनमध्ये लांब दांड्याची पळी बुडवली आणि थोडा नायट्रोजन रस्त्याच्या कडेला ओतला. चांदीच्या मण्यांसारखे थेंब डांबरावर नाचत, सरकत गेले आणि कुठं गेले ते कळायच्या आत नाहीसे झाले. डांबर कोरडं. पोलीस वाकून बघत होता. मग मी रस्त्याकडेचं निंबाचं एक पान चिमट्यात धरून पळीत बुडवलं आणि त्याच्या समोर हातमोज्यात चुरलं. पापडासारखं चुरचुर मोडलं.

पोलिसानं इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, ‘अजून एक करा नं.’

आम्ही तीन पानं केली आणि एक झेंडूचं फूल, जे मामूंनी गाडीच्या समोरच्या हारातून तोडून दिलं. पोलिसानं आम्हाला सलाम करून सोडलं. मामूंची छाती एवढी फुगली की पुढच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ते गाडी हळू करून ओरडत, ‘हवा ले जा रहे, हवा!’

प्रयोगशाळेत मात्र पहिला दिवस फजितीचा गेला. नसरीननं अर्काची बारीक नळी थर्मासात सोडली, आणि आतला अर्क बर्फाच्या गोळ्यासारखा पांढराफटक झाला. असा अपारदर्शक झाला की उजेड आत शिरत नाही. आम्ही डोकं लावलं तेव्हा कळलं, की अल्कोहोलच्या बाटलीत ओलावा शिरला होता. नवीन सीलबंद बाटली फोडली, तर या वेळी काचेसारखं स्वच्छ गोठलं, पण ‘टक्’ करून आडवी भेग. तिसऱ्या वेळी थर्मासच्या बाहेरून दव जमलं आणि यंत्राला नुसता धुकट गोंधळ दिसला. कागदावर उमटलेली रेघ बघून गावंडे सर म्हणाले, ‘ही तर ईसीजी आहे.’

‘कोनाची, सर?’ नसरीननं विचारलं.

‘माझी,’ सर म्हणाले.

आम्ही सगळेच हसलो, पण नसरीन हसता हसता थांबली. कॅनमधला नायट्रोजन दिवसागणिक उडून चालला होता आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी घरून केस वाळवायचा ड्रायर आणला. थर्मासवर बारीक झोत सोडून दव उडवायला. नसरीननं दोन प्रकारचं अल्कोहोल चारास एक असं मिसळलं; एका जुन्या हस्तपुस्तिकेत तिला हे मिश्रण भेगा न पडता गोठतं असं सापडलं होतं. खिडक्यांना काळा कागद, दाराला पडदा. बाहेर टळटळीत दुपार, आत मिट्ट अंधार आणि चष्मे घातलेल्या आम्ही दोघी. या वेळी तिनं नळी इतकी हळू सोडली, की मला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. आत स्वच्छ काच गोठली. बिलोरी.

‘यंत्रात लावायच्या आधी डोळ्यांनी बघू,’ मी म्हटलं आणि हातातला अतिनील दिवा त्या नळीवर धरला. निळसर झाक. ती तर आधीही दिसायचीच.

‘आता बंद करते,’ मी म्हटलं, आणि दिवा बंद केला.

नळी चमकतच राहिली.

निळी. आकाशाचा रंग संध्याकाळी शेवटचा उरतो तसली निळी. एक सुस्कारा टाकावा एवढाच वेळ ती टिकली आणि विझत गेली. मग नसरीन जी ओरडली! अशी की शेजारच्या वनस्पतीशास्त्राच्या वर्गातलं व्याख्यान थांबलं. मीही ओरडले. वयाला न शोभेल अशी मी तिथल्या तिथं उड्या मारत होते, चष्मा कुठंतरी पडला, आणि दार उघडून लोक आत येऊ लागले तर आम्ही त्यांच्यावरच ओरडलो, ‘दार लावा! दार लावा!’

मग जत्राच भरली. वनस्पतीशास्त्रवाले आले, ग्रंथपाल आले, झाडझूड करणाऱ्या सुलोचनाबाई आल्या. चौघाचौघांना आत घ्यायचं, दिवा लावायचा, बंद करायचा, आणि अंधारात तेच ‘अऽऽ’ ऐकायचं. सुलोचनाबाई म्हणाल्या, ‘मॅडम, हे तर जीव गेल्यावर डोळे मिटतात तसं वाटते.’ आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, ‘पन चांगल्या माणसाचं.’ गावंडे सर तीनदा रांगेत लागले.

तेवढं झाल्यावर यंत्र. फिरणारी झडप आधी नमुन्यावर उजेड टाकते, मग तो अडवते, आणि मगच मोजणाऱ्या डोळ्याचं दार उघडते. त्यामुळे चटकन येणारा फ्लुओरेसन्स वगळला जातो आणि फक्त रेंगाळलेला उजेड मोजला जातो. पडद्यावर निळ्या भागात रेघ चढली. तिला ठळक शिखर, शेजारी खांदा. मग परीक्षकांच्या शेऱ्यानंतर मागवलेल्या, नुकत्याच आलेल्या शुद्ध सोरालेनच्या इवल्याशा बाटलीतून थेंब घेऊन तोच प्रयोग. रेघ हुबेहूब तशीच. तेच शिखर, तोच खांदा, त्याच जागी. नसरीनच्या बावचीत सोरालेन होतं, निर्विवाद.

मी टाळी द्यायला हात पुढं केला. पण ती पोरगी पुढचा विचार करत होती. तिनं शुद्ध सोरालेनची कुपी घेतली, न गोठवता साध्या तापमानाला यंत्रात ठेवली आणि फ्लुओरेसन्स मोजला.

रेघ जवळजवळ जमिनीला टेकलेली. अगदीच दुबळी.

म्हणजे तिच्या अर्कातून येणारा तो भरघोस निळा फ्लुओरेसन्स, ज्याच्यावर तिचं सगळं प्रकरण उभं होतं, तो सोरालेनचा नव्हताच. बियांतलंच दुसरं काहीतरी चमकत होतं. परीक्षकांचा संशय रास्त होता.

मी पुढं केलेला हात मागं घेतला. नसरीननं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खदाखदा हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी.

‘मॅडम, इतके दिवस मी भलत्याच्याच वरातीत नाचून राहिली होती! अन् नवरदेव मागं थंडीत उभा!’

त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा मला माझ्या कोणत्याही यंत्राचा कधी वाटला नाही. चुकीची रेघ कोणी दाखवायला सांगितली नव्हती. तिनं स्वतः हात घालून काढली. पुढच्या काही आठवड्यांत तिनं ते प्रकरण मुळापासून लिहिलं. आधी काय चुकलं ते सरळ लिहिलं, आणि सगळे नमुने फॉस्फरेसन्सनं पुन्हा मोजले. मामूंच्या अकोला खेपा वाढल्या. डॉक्टर इंगळे आता फोनवरच विचारत, ‘किती वेतले?’

मला एकच चुटपुट आहे. हल्ली नवीन यंत्रं येतात ती सगळं बंद डब्यात उरकतात. बटण दाबलं की आकडे बाहेर. मुलांना डोळ्यांनी काही दिसत नाही, त्यामुळे कोणी ओरडतही नाही. मी निरोपाच्या भाषणात हेच बोलणार होते, पण समोसे गार होत होते.

तर नसरीनची मौखिक परीक्षा. बाहेरचे परीक्षक आले. उंच, सडपातळ, पांढरे केस, पुस्तकी मराठी आणि चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नाही. चहाला नाही म्हणाले, बिस्किटाला नाही म्हणाले. गावंडे सरांना घाम फुटला. नसरीन पाऊण तास बोलली. तिनं चूक झाकली नाही. उलट ती दुबळी रेघ मोठी करून दाखवली. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, ‘हा रेंगाळणारा प्रकाश आपण प्रत्यक्ष दाखवू शकाल काय?’

आम्ही तयारीत होतो. मामूंनी सकाळीच ताजा नायट्रोजन आणून ठेवला होता आणि ते दाराशी पहारा देत, प्रत्येकाला बजावत होते, ‘झाकन घट्ट नाही करायचं, भाऊ. सांस लेता है वो.’

परीक्षक, नसरीन, मी आणि मागून चोरपावलांनी गावंडे सर असे अंधारात उभे राहिलो. नसरीननं नळी सोडली. दिवा लावला, बंद केला. निळं उमटलं आणि विझत गेलं.

परीक्षक नळीकडे एक पाऊल सरकले.

‘पुन्हा,’ परीक्षक म्हणाले.

पुन्हा. आणि पुन्हा. मग म्हणाले, ‘तो दिवा मला द्या.’ आणि स्वतःच लावू-विझवू लागले. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर सभागृहात मंडळी निकालासाठी खोळंबलेली, प्राचार्यांचा निरोप येऊन गेला, गावंडे सर दोनदा खाकरले. परीक्षक आपले दिवा लावताहेत, विझवताहेत.

‘हे तुम्ही प्रथम पाहिलंत तेव्हा काय केलंत?’ त्यांनी अंधारातच विचारलं.

‘ओरडली, सर,’ नसरीन म्हणाली.

‘योग्य केलंत.’ दिवा पुन्हा एकदा लावून ते म्हणाले, ‘मी गेली कित्येक वर्षं हे शिकवतो आहे. वर्णपट हजार पाहिले. डोळ्यांनी आज पाहतो आहे.’ मग घसा साफ केला. ‘जे बाहेर जाऊन जाहीर करायचं ते इथंच करतो. नसरीन, प्रबंध स्वीकारला आहे. अभिनंदन, डॉक्टर.’

नसरीनचा हुंदका की हसू, अंधारात मला कळलं नाही. तिनं माझा हात मात्र असा दाबला की बांगडी वाढली. मामूंच्या कानावर ‘डॉक्टर’ हा शब्द गेला असावा. त्यांनी दार सताड उघडलं, दुपारचं ऊन भसकन आत आलं.

‘काय झालं? अंधारातच पास केलं का पोरीले?’

तेव्हा ते पुस्तकी मराठीतले, न हसणारे परीक्षक हातातला दिवा सावरत गर्रकन वळले आणि दर्यापूरच्या भर बाजारात ऐकू यावं अशा अस्सल वऱ्हाडी आवाजात ओरडले, ‘हो जी, केलं पास! आता दार लावा नं बाप्पा, उजेड येऊन राहिला!’

मामू आत आले, त्यांनी दार लावलं, आणि नायट्रोजन संपेपर्यंत आमच्यातलं कोणीही बाहेर आलं नाही.